सोसलेलं बोलायला जागा कशी मिळाली

 

गटाची बैठक संपते, हिशेब होतो, वही मिटते आणि एखादी बाई मागे रेंगाळते. कुणी म्हणते, मारहाण थांबून दोन वर्षं झाली, पण रात्री झोप लागत नाही. कुणी म्हणते, लहानपणी घरातल्याच माणसानं केलं होतं, अजूनही कोणी मागून हात लावला की काळीज धडधडतं. मग विचारतात, याला काही औषध असतं का हो?

असतं. त्याला समुपदेशन म्हणतात, मानसोपचार म्हणतात. पण हे शब्द काढले की आपल्या जिल्ह्यात लगेच दुसरा शब्द येतो, 'ठाणे'. 'ठाण्याला नेऊन सोडू का?' ही धमकी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून आपल्याकडे मनाचा इलाज म्हणजे ठाणे आणि ठाणे म्हणजे वेड, असं समीकरण बसलं. त्यामुळे जिच्यावर अत्याचार झाला, तीच 'वेडी' ठरायच्या भीतीनं गप्प बसते आणि ज्यानं केलं तो उजळ माथ्यानं फिरतो.

हे समीकरण चुकीचं आहे. दुखावलेल्या बाईला बोलायला सुरक्षित जागा मिळावी, यासाठी आपल्या महाराष्ट्रात दीडशेहून जास्त वर्षं लोक झटले आहेत. आज आपण तो इतिहास बघू. कारण जी वाट कुणी चालून मळवली आहे, तिच्यावर पाऊल टाकायला भीती कमी वाटते.

जातं ऐकायचं, पण उत्तर द्यायचं नाही

आपल्या आज्या-पणज्यांकडे समुपदेशक नव्हता, जातं होतं. पहाटे दळताना सासरचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरची आठवण, सगळं ओवीत यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. एवढं बायका जात्याशी बोलल्या!

त्या बोलण्यानं मन हलकं व्हायचं, आणि समोरची बाई दळता दळता ऐकायची, हेही खरं. पण ओवीत बाईचं दुःख 'सगळ्या बायकांचं' होऊन जायचं. माझ्यावर काल रात्री काय झालं आणि उद्या मी काय करू, हे जातं सांगू शकत नव्हतं. पुढे गिरणी आली. हातांचे घट्टे गेले, ते बरंच झालं. पण दोन बायकांनी अंधारात समोरासमोर बसण्याची ती वेळही गेली.

आधी निवारा

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तेव्हा विधवेला पुन्हा लग्न करू देत नसत. घरातल्या किंवा ओळखीतल्या पुरुषानं फसवलं, जबरदस्ती केली आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा असत, विहीर किंवा बाळाचा जीव. फुले दांपत्यानं तिसरी वाट दाखवली. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, बाळ न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. अशाच एका आईचा, काशीबाईंचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

यात तीन गोष्टी होत्या, त्या लक्षात ठेवा. बाईला दोष दिला नाही. तिचं नाव फोडलं नाही. निर्णय तिच्या हातात ठेवला. आज मानसोपचाराच्या मोठ्या पुस्तकांत याच तीन गोष्टी पहिल्या पानावर असतात. सावित्रीबाईंनी त्या कुठल्या पुस्तकात वाचल्या नव्हत्या.

पुढे १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. त्यांतल्या कितीतरी जणी वाटेत माणसांच्या तावडीत सापडलेल्या होत्या. केडगावात त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला काम मिळालं. पण 'तुझ्या मनाला काय झालं' हे विचारायचं शास्त्र तेव्हा जगात कुठेच नीट उभं राहिलेलं नव्हतं.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट

आपण ठाणे जिल्ह्यातल्या. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, त्याआधी तलासरी-डहाणूही आपलंच होतं. तिथे १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यात होते. तेव्हा लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलले की नवरा-बायको दोघं त्याचे 'लग्नगडी' होत, म्हणजे वर्षानुवर्षं वेठबिगार. लग्नगड्याची बायको ही आपली मालमत्ता, असं जमीनदार समजत. गोदावरीबाईंनी आपल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे.

लाल बावट्याखाली लोक एकत्र आले आणि लग्नगडी मोकळे झाले. इथून आपल्याला काय घ्यायचं? ज्या अत्याचाराला सगळे 'रीत' म्हणतात, त्याला 'अत्याचार' म्हणायला एकटीला बळ पुरत नाही, चारचौघी लागतात. आज वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या आपल्या कातकरी बहिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मथुरा: शरीरावर खूण नाही, म्हणून...

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज. मथुरा नावाची कोवळ्या वयाची आदिवासी मुलगी, कोर्टाच्या कागदात चौदा ते सोळा वर्षांची. घरच्या तक्रारीसाठी ती पोलीस ठाण्यात गेली आणि तिथेच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडलं. कारण? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं, म्हणजे तिची संमती असणार.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांसमोर एक गरीब आदिवासी पोर गप्प राहिली, ही संमती कशी होते, असा त्यांचा सवाल होता. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाईनं 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर कोर्ट ते धरून चालेल, अशी तरतूद आली. त्याच वर्षी नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं. नव्या न्याय संहितेत आता ते ८५ वं कलम आहे.

इथे थोडं जगाकडे बघू. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ॲन बर्जेस ही नर्स आणि लिंडा होमस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी एक अभ्यास छापला. बलात्कारानंतर सरकारी इस्पितळात येणाऱ्या बायकांशी त्या बोलत गेल्या होत्या. त्यांना दिसलं, की वाईट स्वप्नं, दचकणं, एकटं राहायची भीती, जेवण न जाणं हे बऱ्याच जणींमध्ये सारखंच आहे. आणखी एक दिसलं. काही जणी रडत होत्या, पण काही अगदी शांत बसल्या होत्या. जी शांत होती, तिलाही तेवढंच लागलेलं होतं.

मथुरेच्या खटल्यात कोर्टानं जे पाहिलं नाही, ते हेच. भीतीनं माणसाचं शरीर गोठतं. पायाशी अचानक साप दिसला की आपण ओरडतोच असं नाही, जागच्या जागी थिजतो. तसंच हे आहे. म्हणून 'तू ओरडली का नाहीस' हा प्रश्न आपल्या गटातल्या कुणी कुणाला विचारू नये. ती बाई तोच प्रश्न स्वतःला रोज विचारत असते.

पोलीस ठाण्यात आणि इस्पितळात एक खुर्ची

कायदा बदलला, पण तक्रार लिहून घेणाऱ्यासमोर बसलेल्या बाईचं ऐकणार कोण? १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात एक शिकलेली सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. ती आधी ऐकते, मग विचारते, तुला काय हवं आहे? पुढे राज्य सरकारनं हे कक्ष इतर जिल्ह्यांतही नेले.

पण मार खाल्लेली प्रत्येक बाई पोलिसांकडे जात नाही. दवाखान्यात मात्र जाते, 'पडले' म्हणून सांगते. हे ओळखून २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडलं. रुग्णालयातच चालणारं असं हे देशातलं पहिलं केंद्र. नर्स आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं, की पुन्हा पुन्हा 'पडणाऱ्या' बाईला, विष घेऊन आलेल्या बाईला, अंग दुखतं पण तपासणीत काही सापडत नाही अशा बाईला एकटीला विचारा, घरी कोणी त्रास देतं का? मग तिला दिलासाच्या खोलीत पाठवा. नाव साधं ठेवलं, म्हणून दारात उभं राहायला लाज वाटली नाही. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही दिलासा सुरू झालं.

आपल्या ठाण्यातही बदल झाला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. ज्या शहराच्या नावानं लोक वेड्यात काढायचे, त्याच शहरात लोक स्वतःहून मनाबद्दल बोलायला येऊ लागले.

मागोमाग कायदे आले. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. मुलांसाठी पोक्सो, २०१२. अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही इस्पितळात फुकट उपचार झालेच पाहिजेत, हा नियम २०१३ चा. त्याच वर्षी राज्याची मनोधैर्य योजना आली. तिच्या नावातच मन आहे, कारण पैशाच्या मदतीबरोबर समुपदेशनही त्यात धरलं आहे. २०१५ पासून सखी केंद्रं आली. तिथे एकाच छताखाली निवारा, दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन मिळावं, अशी योजना आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं, की मनाचा उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि उपचाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे.

'समेट' म्हणजे समुपदेशन नव्हे

आता थोडं थांबून एक कडू गोष्ट बोलायला हवी. आमच्या गटांतल्या काही जणी 'समुपदेशनाला' जाऊन आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा नाही जाणार. विचारल्यावर कळलं, की एका कार्यालयात नवऱ्याला आणि तिला एकाच बाकावर बसवलं, 'दोघांनी थोडं थोडं सांभाळून घ्या' असं सांगितलं, कागदावर सह्या घेतल्या आणि परत नांदायला पाठवलं. त्या रात्री घरी काय झालं असेल, ते सांगायला नको.

यात समुपदेशन कुठेच नव्हतं. ती तडजोड होती, आणि तिचा भार सगळा बाईवर. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द वापरतात, तिथेच घोटाळा होतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे. समेट करणारा विचारतो, संसार कसा टिकेल? खरा समुपदेशक विचारतो, तू आज रात्री सुरक्षित आहेस का? जिथे मारणाऱ्यासमोर बसवून तुम्हाला बोलायला लावतात, तिथून उठून यायचा हक्क तुम्हाला आहे. त्या एका अनुभवावरून सगळे उपचार वाईट, असं मात्र धरू नका. एका डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही, म्हणून आपण दवाखानाच सोडत नाही.

पहिल्या दिवशी काय होतं?

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९९२ मध्ये अत्याचारातून सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, सुरक्षितता. दुसरी, जे झालं ते आठवून सांगणं आणि जे हरवलं त्याचं दुःख करणं. तिसरी, माणसांत परत येणं. भात आधी राबावर पेरतो, रोप तयार झालं की आवणी करतो. तसंच इथेही घाई चालत नाही. रोप कोवळं असताना उपटलं तर जगत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत सगळी कहाणी सांगावी लागत नाही. समुपदेशक बहुधा विचारते, झोप येते का, जेवण जातं का, घरी कोण आहे, जीव द्यावासा वाटतो का. 'यावर मला आज बोलायचं नाही' असं म्हणता येतं. बाई समुपदेशक हवी, असंही सांगता येतं. श्वास कसा घ्यायचा, घाबरं झाल्यावर पाय जमिनीला टेकवून आसपासच्या वस्तू कशा मोजायच्या, अशा छोट्या गोष्टी आधी शिकवतात. प्रत्येकीला गोळ्या लागतातच असं नाही. लागल्या तर त्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात. सुरुवातीच्या काही भेटींनंतर एखादीला जास्तच त्रास होतो, रडू येतं. दाबून ठेवलेलं वर येतं, म्हणून तसं होऊ शकतं. ते समुपदेशकाला जरूर सांगावं, म्हणजे ती वेग कमी करते. आणि भेट एकदाच होत नाही, आठवडे-महिने जातात.

कुणी विचारेल, भगताकडे गेलं तर? देवाला नमस्कार करून मनाला बरं वाटत असेल, तर त्याला आमची हरकत नाही. पण 'बाहेरचं आहे' म्हणून बाईला मारणं, चटके देणं, उपाशी ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. अत्याचारानं घाबरलेल्या बाईवर तो दुसरा अत्याचार आहे.

आपल्यासारख्याच बायकांनी केलं

धसईहून मुरबाडला एस.टी., मुरबाडहून कल्याणला एस.टी., तिथून ठाण्याला लोकल. एक भेट म्हणजे एक दिवस मोडतो, मजुरी जाते आणि घरी 'कुठे गेली होतीस' याचं उत्तर द्यावं लागतं. शहरातला उपचार आपल्यापर्यंत यायला हवा, ही आपली मागणी बरोबरच आहे.

हे होऊ शकतं, याचे दोन दाखले. गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिथे डॉक्टर नसलेल्या साध्या शिकलेल्या लोकांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. मनाच्या दुखण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार येणं'. आपल्या बायकाही नेमकं हेच म्हणतात ना?

आपला धसई तर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजला. दुकानात कार्ड घासायला आपण शिकलो, तसं एकमेकींचं ऐकायलाही शिकू शकतो.

गटानं काय करावं?

एक: कुणी सांगितलं तर पहिलं वाक्य हे असावं, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही.' सल्ला नंतर.

दोन: ती गोष्ट बैठकीच्या वहीत लिहायची नाही, पाणवठ्यावर न्यायची नाही, नवऱ्याला समजवायला परस्पर जायचं नाही. तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकलं, तर मार तिला पडतो. पण लहान मुलाच्या अत्याचाराचं कळलं, तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

तीन: नंबर पाठ करा. मनाच्या मदतीसाठी १४४१६, हा टेली-मानस, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बाईला मदत हवी तर १८१. जीवाला धोका असेल तर ११२. मुलांसाठी १०९८. फुकट वकिलासाठी १५१००. घरचे फोन तपासत असतील, तर मैत्रिणीच्या फोनवरून करा. आशाताई आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा, जवळ समुपदेशक कधी बसतो.

चार: सोबत जा. दाराबाहेर बसा, आत शिरू नका. गटातून कुणाच्या तिकिटाचे पैसे द्यायचे ठरले, तर 'प्रवास' एवढंच लिहा. बाळंतपणाला, दुखण्याला आपण पैसे देतो, हेही दुखणंच आहे.

मैत्रिणींनो, १८६३ मध्ये पुण्यातल्या एका घराचं दार उघडलं, १९८४ मध्ये पोलिसांच्या आवारात एक खुर्ची मांडली गेली, २००० मध्ये इस्पितळात एक खोली मिळाली. प्रत्येक वेळी कुणीतरी आधी एवढंच म्हटलं होतं, की ही बाई खोटं बोलत नाही. पुढची जागा आपल्या गावात करायची आहे. ती कुठे असावी, आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत की ग्रामपंचायतीत, यावर या महिन्याच्या बैठकीत बोला. ठराव करा, ग्रामसभेत मांडा. आणि जिला आज फोन करायचा आहे, तिनं ठरावाची वाट बघू नये. नंबर पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.